बुजवलेला तडा

आमच्या घराला पहिला तडा गेला तेव्हा छपरावर अजून कवेलू चढले नव्हते. विटांच्या भिंती उभ्या होत्या, चौकटी बसल्या होत्या, आणि मागच्या खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीच्या खालच्या टोकापासून जोत्यापर्यंत, पेन्सिलने ओढल्यासारखी एक तिरपी रेघ होती. बाबांनी ती आधी अंगठ्याने पुसून पाहिली. पुसली गेली नाही. मग त्यांनी खिशातून पोलादी पात्यांचा जुडगा काढला, त्यातलं सगळ्यात पातळ पातं निवडलं आणि रेघेवर टेकवलं. पातं आत शिरलं.

"गेलं," ते म्हणाले.

कारखान्यात ते याच आवाजात माल परत पाठवत असणार. बाबा आधी फिटर होते. पुढे नजर आणि हात दोन्ही चांगले म्हणून त्यांना तपासणीच्या टेबलावर बसवलं. तिथे तोफगोळ्यांचे भाग येत. दोन भाग एकमेकांत बसवायचे, सांध्यात पातं घालून बघायचं, आणि पातं शिरलं की माल बाजूला. त्यांचं सगळं आयुष्य फटी शोधण्यात गेलं. फट दिसली की ती बंद झाली पाहिजे, याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात ते रिटायर होणार होते. त्यानंतर कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागणार होतं. विदर्भातल्या गावी आमचं काही उरलेलं नव्हतं. जे होतं ते काकांच्या ताब्यात गेलं होतं आणि बाबांनी ते कधी मागितलंही नाही. त्यामुळे पावसाळ्याच्या आत हे घर राहण्याजोगं झालंच पाहिजे, एवढी एकच गोष्ट त्या वर्षी आमच्या घरात बोलली जात होती. होऊ घातलेल्या लढाईचं बोलणंही त्यातूनच निघायचं.

मी पत्रकांवर वाढले. बाबा युनियनची पत्रकं आणायचे, आई ती फडताळात अंथरायची, आणि मी डबे बाजूला सरकवून वाचायची. घरात मराठी आणि पत्रकात हिंदी, त्यामुळे राग मला आधी हिंदीत आला. कॉलेजात जाईपर्यंत मी स्वतःच पत्रकं लिहायला लागले होते. पत्रकाची एक शिस्त असते. आधी काय झालं ते सांगायचं, मग ते कोणामुळे झालं ते सांगायचं, आणि शेवटी काय करायचं ते. मधला भाग गुळमुळीत ठेवणाऱ्यांचा मला तिटकारा होता. अजूनही आहे.

तेव्हा आधी जमिनीचं सांगते.

कारखान्यातल्या काही लोकांनी मिळून सोसायटी केली होती आणि पनागरच्या रस्त्याला एक मोठं शेत घेऊन त्याचे प्लॉट पाडले होते. काळं शेत होतं. आमच्याकडे अशा शेतांना चारी बाजूंनी उंच बंधान घालतात, पावसाळाभर त्यात पाणी कोंडून ठेवतात, पाऊस सरला की ते सोडून देतात आणि ओल्या मातीत गहू, चणा पेरतात. यात गुपित काही नव्हतं. दर पावसाळ्यात बसमधून जाता-येता सगळ्यांनी ती शेतं तळ्यासारखी भरलेली पाहिली होती. पण सोसायटीच्या कमिटीने जागा दाखवायला बोलावलं ते मे महिन्यात.

मे महिन्यात ती जमीन दगडासारखी होती. कोणी टाच आपटून पाहिली, कोणी धोंडा टाकून पाहिला. बाबांचा एक दोस्त होता, लेथवर काम करणारा खरादी, बुंदेलखंडाकडचा. त्याचा प्लॉट आमच्याच शेजारी होता. त्याने सायकलच्या पिशवीतून हातोडी काढली आणि वाकून जमिनीवर मारली. खण् असा आवाज झाला.

"लोहा है, भैया," तो म्हणाला. "एकदम लोहा."

बाबांनी मान हलवली. सगळ्यांनीच हलवली. ही सगळी माणसं लोखंडात जगलेली. जे वाजतं ते पक्कं, असा त्यांचा हिशोब. त्या जमिनीत हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा होत्या, माझी चप्पल एकीत अडकली, मी ती ओढून काढली. जन्मभर फटी शोधणाऱ्या बाबांनी त्या भेगांकडे एकदाही पाहिलं नाही. भेगा जमिनीला होत्या. जमीन हा काही त्यांच्या टेबलावर आलेला माल नव्हता.

पाया मुरमापर्यंत न्यायचा ठरलं होतं. काळी माती खोदत गेलं की खाली पिवळा मुरूम लागतो, तो हलत नाही, भिंत त्यावर ठेवायची. खोदाई निम्म्यावर आली आणि कारखान्यात डबल शिफ्ट लागली. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांच्या बातम्या येत होत्या, लढाई होणार हे चहाच्या टपरीवरही सगळ्यांना माहीत होतं. रजा बंद झाल्या. बाबा पहाटे जायचे आणि अंधार पडल्यावर यायचे. पायाचं काम घेतलेला ठेकेदार दुसरं काम धरायच्या घाईत होता. त्याने मागच्या बाजूचा पाया काळ्या मातीतच थांबवला आणि वर दगड भरून मोकळा झाला. बाबांनी ते रविवारी पाहिलं. खणून काढायचं तर पुन्हा रविवार लागले असते, आणि रविवारही आता त्यांचे राहिले नव्हते.

त्या डबल शिफ्टवरून आमचं भांडण झालं. आई क्वार्टरच्या पायरीवर दुसऱ्या दिवसाचे तांदूळ निवडत होती.

"हे घर लढाईच्या ओव्हरटाइमचं आहे," मी म्हणाले. "तिकडे माणसं मरणार आणि इकडे आपल्या भिंती चढणार."

"लढाईचं नाही," बाबा म्हणाले. "माझ्या पाठीचं आहे."

"पण बाबा, गोळे तर..."

"गोळे मी मोजतो, मी सोडत नाही. आणि तू राहतेस कुठे? क्वार्टरात. ते कशाचं आहे?"

आई तांदळातून नजर न काढता म्हणाली, "अच्छा, आता दोघंही हात धुवा. भात निवून राहिला."

माझं म्हणणं खोटं होतं असं मला आजही वाटत नाही. पण बाबांनी त्या वेळी पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी उचलला, सोळा तास काम केल्यावर एका हाताला तो पेलत नव्हता. पत्रकात अशा हातांबद्दल मी पुष्कळ लिहिलं होतं. जेवणाच्या पाटावर त्या हातांशी वाद घालता येत नाही.

पाऊस सरल्यावर भिंती झाल्या. आई आणि मी रोज दुपारी क्वार्टरातून तिकडे जाऊन भिंतींना पाणी मारायचो. विहिरीचं पाणी खोल होतं. आईचे तळवे दोराने सोलून निघाले, तिने त्यावर हळद बांधली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोर धरला. दिवाळीनंतर माती सुकू लागली, आकसू लागली, आणि तो पहिला तडा दिसला. बाबा म्हणाले, प्लास्टर करताना बघू. कवेलू चढले. मग लढाई सुरू झाली.

आमच्या शहरात कारखाने म्हणून ब्लॅकआउट कडक होता. दिवेलागणीची वेळ ही दिवे झाकायची वेळ झाली. बाबा शिफ्ट सुटल्यावर सायकलने सरळ नव्या घरी जायचे आणि कंदील लावून आतलं प्लास्टर करत बसायचे. मी आणि आई डबा घेऊन जायचो. खिडक्यांना आम्ही काळा कागद चिकटवला होता, दाराला घोंगडी. एका संध्याकाळी बाहेरून शिटी वाजली.

"लाइट बुझाओ, भाईसाहब."

वॉर्डन होता. कारखान्यातलाच माणूस, हातावर पट्टी बांधलेला.

"खिडकीला कागद आहे," बाबा आतून म्हणाले, मग हिंदीत म्हणाले, "काग़ज़ लगा है, भाई."

"खिड़की से नहीं आ रही. दीवार से आ रही है."

"दीवार से?"

"बाहर आके देखो."

आम्ही तिघंही बाहेर आलो. सगळीकडे काळोख, शेतं काळी, रस्ता काळा, आणि त्यात आमच्या मागच्या भिंतीवर उजेडाची एक तिरपी रेघ. बारीक, पण अगदी स्वच्छ. बाबा तिच्याकडे बघत उभे राहिले. पाकिस्तानच्या विमानाला ती दिसली असती की नाही ते मला माहीत नाही. बाबांना ती दिसली आणि वॉर्डनलाही दिसली, म्हणजे उद्या टेबलावरच्या सगळ्यांना कळणार. तपासणीवाल्याच्या घराला फट.

"चिंधी कोंबा ना त्यात," आई म्हणाली. "लढाई काय जन्मभर चालणार आहे?"

"चिंधी?" बाबा म्हणाले. "मी घर बांधून राहिलो. गोधडी शिवून नाही राहिलो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी उजेड असतानाच यायची व्यवस्था केली. कशी ते मला ठाऊक नाही, त्या दिवसांत शिफ्ट सोडणं सोपं नव्हतं. त्यांनी सिमेंट जास्त आणि वाळू कमी असा माल कालवला, तड्याच्या कडा छिन्नीने उकरून घेतल्या, पाणी मारलं, आणि लोखंडी पट्टीने तो माल आत खोल ठासत गेले. परमिटावर मिळालेलं सिमेंट होतं ते, पुढच्या दाराच्या उंबऱ्यासाठी ठेवलेलं. वरून थापीने इतकं सफाईदार केलं की हात फिरवला तर शिवण लागत नव्हती. सुकल्यावर पात्यांचा जुडगा काढला. कुठलंच पातं शिरलं नाही. कित्येक महिन्यांत मी त्यांना असं समाधानाने बिडी पेटवताना पाहिलं नव्हतं.

लढाई लवकर संपली. पेढे वाटले गेले. शिफ्ट तरी चालूच राहिल्या, कारण रिकामी कोठारं भरायची होती; रविवार तेवढे परत मिळाले. आणि भिंतीवर तडे येत राहिले. जमीन सुकत गेली तसतसे ते रुंद होत गेले, मागच्या खोलीत, मग स्वयंपाकघरात, मग दोन्हींच्या मधल्या भिंतीत. बाबांनी प्रत्येक तडा तसाच उकरला, तसाच ठासला, तसाच पात्याने तपासला. शेजारच्या खराद्याच्या घरातही तेच चाललं होतं. पूर्ण कॉलनीत रविवारी छिन्नीचा आवाज यायचा. सगळे फिटर, टर्नर, वेल्डर. फट उघडी ठेवून झोप लागेल असा एकही माणूस तिथे नव्हता.

मी पत्रक लिहिलं. पाणी कोंडायचं शेत कामगारांच्या गळ्यात मारणाऱ्या कमिटीने उत्तर द्यावं, असं स्पष्ट लिहिलं. छापण्याआधी बाबांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"सगळं खरं आहे," ते म्हणाले. "पण त्या दिवशी हातोडी वाजली तेव्हा मीही मान हलवली होती. ते काहून नाही लिहिलं?"

"तुम्ही कमिटीत नव्हते."

"मान तर हलवली ना."

मी ते लिहिलं नाही. पत्रक तसंच गेटवर वाटलं. कमिटीने कळवलं की देशाची परिस्थिती निवळल्यावर या विषयाचा विचार होईल. विचार अजून झालेला नाही. मे महिन्यात जागा दाखवणारी कमिटी दोषी होती, हे मी आजही सही करून सांगेन. पण त्या वर्षी आमच्या घराचं जे झालं ते सगळं तिच्या माथी मारता येत नाही, आणि हे लिहायला बसले आहे ती त्याचसाठी.

आषाढ अर्धा सरला होता. क्वार्टर सोडायला महिना राहिला होता. माती पाणी पिऊन फुगली होती, अंगणात पाय टाकला की चपलेला शेरभर चिकटायची. त्या रविवारी आम्ही घर धुवायला गेलो. आईने स्टोव्ह नेला होता. वारा फार म्हणून तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि चहा ठेवला. थोड्या वेळाने तिचा आवाज आला.

"अहो, दार उघडून नाही राहिलं."

"कडी काढ," बाबा म्हणाले.

"कडी काढली. दारच नाही म्हणून राहिलं."

बाबांनी बाहेरून खांदा लावला. मी लावला. दार हललं नाही. खरादी आवाज ऐकून आपल्या अंगणातून आला आणि खिडकीच्या गजांतून आत डोकावला.

"भाभीजी, अंदर राशन है?"

"चहा आहे," आई म्हणाली.

"तो फिर कोई जल्दी नहीं."

आईने गजांतून तीन कप बाहेर दिले. बाबांनी आपला कप तसाच खाली ठेवला. ते दाराच्या आणि चौकटीच्या मध्ये पातं घालून बघत होते. वरच्या बाजूला सगळ्यात पातळ पातंही शिरत नव्हतं.

"क्या फिटिंग है," खरादी म्हणाला. "ऐसा माल तो टेबल पे पास हो जाता, भैया."

बाबा हसले नाहीत. ते मागच्या खोलीत गेले. मी त्यांच्या मागे गेले. हिवाळ्यात बुजवलेली ती शिवण जशीच्या तशी होती, गुळगुळीत, अखंड. पण तिच्या बाजूला हातभर अंतरावर विटा मधोमध फुटल्या होत्या, आणि बाहेरच्या भिंतीला पोट आलं होतं. मधल्या भिंतीतही तसंच. जे जे बुजवलं ते शाबूत, आणि त्याच्या शेजारचं सगळं तुटलेलं. बाबा एका शिवणीकडून दुसरीकडे जात राहिले. मग जमिनीवर उकिडवे बसले.

"पाचर," ते म्हणाले.

"काय, बाबा?"

"माती फुगली. कोपरा वर उचलला. भिंत आपल्या जाग्यावर परत येऊन राहिली होती, तडा मिटून राहिला होता. अन् मी त्याच्यात पाचर ठोकून ठेवली. मग ती जाणार कुठे? दाराकडे गेली."

पाचर काय करते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. जाम झालेला भाग सोडवायला त्यांनी जन्मभर पाचरी ठोकल्या होत्या. उन्हाळाभर दर रविवारी ते आपल्याच घरात त्या ठोकत होते.

बिजागऱ्या काढून दार उतरवलं तेव्हा आई बाहेर आली. तिने पदराने तोंड पुसलं.

"मी नाही येणार या घरात," ती शांतपणे म्हणाली. "गढ्याच्या वस्तीत एक खोली बघा. छोटी असली तरी चालेल. दार उघडलं पाहिजे."

रिटायर झालेल्या माणसाने भाड्याच्या खोलीत जायचं आणि बांधलेलं घर पावसात सोडून द्यायचं, हे बाबा मोठ्याने बोलू शकत नव्हते. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "पंधरा दिवस दे."

आणि त्यांनी छिन्नी घेतली. स्वतःच ठासलेलं सिमेंट स्वतःच फोडायला बसले. ते इतकं पक्कं झालं होतं की शेजारची वीट फुटायची पण ते फुटायचं नाही. शिफ्ट करून यायचे, कपडेही बदलायचे नाहीत, ओल्या भिंतीला टेकून बसायचे आणि थोडं थोडं उकरायचे. मी बादलीत तुकडे भरून बाहेर नेऊन टाकायची. खरादी मदतीला आला तर त्याला म्हणाले, "तुम अपना देखो. तुम्हारे यहाँ भी यही निकलेगा." तो गेला, आणि थोड्या वेळाने पलीकडूनही छिन्नीचा आवाज येऊ लागला. मला पत्रकाची शिस्त आठवायची, काय झालं, कोणामुळे, काय करायचं. काय करायचं ते तर समोर दिसत होतं. बादली भरायची, ओतायची.

शेवटची शिवण फोडून झाली तेव्हा सगळे तडे मोकळे होते, काळे, ओले, वेडेवाकडे. हळूहळू ते मिटत गेले. मधल्या भिंतीचं पोट पूर्ण बसलं नाही, पण थोडं आत गेलं. पुन्हा लावलेलं दार आधी रखडलं, मग रखडायचं थांबलं. एका दुपारी आई एकटीच आत गेली. दार लावलं. उघडलं. परत लावलं, परत उघडलं. बाहेर येऊन म्हणाली, "बरं. पण आतून कडी मी कधी लावणार नाही."

कारखान्याने बाबांना हार घातला, नारळ दिला. त्याच आठवड्यात हातठेल्यावर सामान घालून आम्ही इकडे आलो. वॉर्डनची पट्टी बांधणाऱ्या त्या माणसाने ठेला ढकलायला मदत केली. कारखान्याचा भोंगा इथेही ऐकू येतो. बाबा अजून त्याला उठतात, मग आठवतं, आणि पुन्हा पडून राहतात. झोप मात्र लागत नाही. दमलेला माणूस रिटायर झाला म्हणून लगेच विसावत नाही, हे मला कोणत्याच पत्रकाने सांगितलं नव्हतं.

पुढचा हिवाळा आला. माती सुकली, आणि मागच्या खोलीतला तडा उघडला, मागल्या वर्षीपेक्षा रुंद. बाबांनी जुडगा काढला. सगळी पाती एकत्र धरून आत घातली, ती सहज गेली. त्यांनी जुडगा मिटला, खिशात ठेवला, आणि खाटेवर जाऊन बसले. सिमेंट घरात होतं. त्यांनी गोणीकडे पाहिलंही नाही असं म्हणणार नाही. पाहिलं.

संध्याकाळी दिवा लावल्यावर रस्त्यावरून खराद्याचा आवाज आला, मुद्दाम वॉर्डनसारखा काढलेला.

"भाईसाहब, दीवार से लाइट आ रही है."

"आने दो," बाबा खाटेवरून म्हणाले.

थंड वारा मात्र येत होता. आई उठली, तिने जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आणि बाबांकडे पाहिलं.

"कोंबू?"

"कोंब," ते म्हणाले. "पण सैल कोंब. घट्ट नको."